सुमेधाचं नाक

१ ऑक्टोबर, बुधवार

आज चहा जळक्या दुधाचा! हा घोर अन्याय इतिहासात नोंदला जावा म्हणून लिहितोय. तक्रार केली तर सुमेधा म्हणे, "कुठे जळकंय? तुझी जीभ बिघडलीय." तळमजल्यावरचे बोंबील घरबसल्या ओळखणारी हीच ती माझी बायको! असो. न्यायालय बरखास्त.

दुपारी घोडबंदर रोडला तिच्या प्रयोगशाळेत खंडेनवमीची पूजा. पुरोहित मी — संस्कृत शिकल्याची शिक्षा. दैवत म्हणजे एक छोटी डबी. उपग्रहाच्या टाकीतून इंधनाची वाफ किंचितही गळली तर ओळखणारी. सुमेधाची कित्येक वर्षं त्यात गेली. तेराला समिती बघायला येणार. पसंत पडली तर डबी अवकाशात!

कुंकू लावू दिलं नाही. "लांबून ओवाळ रे! हात लावलास तर बघ."

४ ऑक्टोबर

गळती नसतानाच डबी ओरडतेय. आलेखावर एक अनोळखी रेघ. सुमेधा जेवली नाही.

७ ऑक्टोबर

नळ्या बदलल्या, वायू बदलला. रेघ हलत नाही. अशी डबी समिती परत पाठवणार.

तिचा सहकारी धनेश म्हणाला, "मॅडम, नजर लागली असेल."

"मग तीही मोजून दाखव!"

मी म्हटलं, डबी अगदी बायकोसारखी — काही झालेलं नसताना आरडाओरडा. "आणि तू समितीसारखा," म्हणाली. "कळत काही नाही, मत मात्र तयार." पण हसली. बरं वाटलं.

९ ऑक्टोबर

तिला आणायला गेलेलो. चहाला चमचा हवा म्हणून डबी ठेवलेल्या टेबलाचा, तिचा खण उघडला — भसकन कापराचा वास! पूजेतली माझीच पुडी. आवरताना मीच तिथे कोंबलेली, उघडीच.

पुडी बाहेर, खण पुसला. तासाभरात रेघ बसत गेली. धनेश नाचायचाच बाकी. "मॅडम, बंद खणातला कापूर पकडला हिनं! समितीला हेच दाखवू."

सुमेधा मला म्हणाली, "पुढच्या वर्षी पुरोहित बदलणार."

१३ ऑक्टोबर

पसंत! पसंत!! कापराचा प्रयोग तर समितीनं पुन्हा करून बघितला. घरी पेढे. दक्षिणा मागितली तर एकच पेढा मिळाला.

१४ ऑक्टोबर

कापूर आत होता ते आठ दिवस तो खण ती सारखी उघडत होती. डबीला कळलं, तिला नाही. दुधाचंही कळलं नव्हतं.

आज तिला डोळे मिटायला लावले आणि कापूर नाकाशी धरला. ती हसत उभी. "काय आणलंयस? दे ना लवकर!"

उद्या डॉक्टरकडे नेतो. मला भीती वाटतेय.