रमशाचा आवाज

१२ जानेवारी २०२५, रविवार

कुकर जळाला! डाळीचा कोळसा, तळ काळाकुट्ट. शिट्ट्या झाल्याच असणार, माझ्यापर्यंत पोचल्या नाहीत. बाहेरच्या खोलीत उशीचे अभ्रे शिवत बसले होते. शेजारची करिष्मा दार ठोकून ठोकून थकली, शेवटी खिडकीतून हात घालून माझी ओढणी ओढली तिने.

आणि लगेच माझ्या लेकीला, रमशाला फोन! माझ्याच घरात उभी राहून. माझ्याकडे पाठ केली खरी, पण समोर आरसा आहे हे विसरली. "काकूंना आता काहीच ऐकू येत नाही गं" — आरशात वाचलं मी.

काहीच कसं? आवाज येतो, शब्द येत नाहीत. उजव्या कानात घरघर, डाव्यात तीही नाही. आणि संध्याकाळी मागांचा कारखाना बंद झाला तरी कानातले लूम बंद होत नाहीत. बिनविजेचे चालतात मेले.

१३ जानेवारी

रमशाचा मेसेज. "शुक्रवारी येते. कारखाना बंद असतो ना? अब्बा असताना फिरायचो तसं दिवसभर पायी फिरू, खात खात. मग बोलू."

ते "मग बोलू" मला कळतं. मागच्या ईदला म्हणाली होती — "अम्मी, कान गेले तर मी तुला इथं एकटी ठेवणार नाही. लूम विकायचे, नाशिकला यायचं. संपलं." संपलं म्हणे! हट्ट बापाचा, जीभ माझी.

तेव्हा शुक्रवारी फिरणं-बिरणं काही नाही. परीक्षा आहे.

१५ जानेवारी, बुधवार

आज कारखान्यात जाऊन आले. आठच लूम राहिलेत, तेही म्हातारे. इद्रीस गेल्यापासून मीच बघते. लग्न होऊन खारबावहून आले तेव्हा पहिल्या दिवशी शेडमध्ये शिरले आणि कानांवर हात ठेवले होते. इद्रीस हसले. काहीतरी बोलले, ऐकू आलं नाही. मग त्यांनी नुसते ओठ हलवले — सावकाश, मोठे. "सवय होईल." ते कळलं. आमच्या लग्नातलं ते पहिलं बोलणं, आवाजाशिवायचं.

शेडमध्ये आवाज काढून कोणी बोलत नाही. घसा फुटेल आणि उपयोग शून्य. ओठ हलवायचे, हातांनी खुणा करायच्या. रमशा तर तिथंच रांगली. लूमची भाषा तिला मराठीच्या आधी आली! पुढे घरात जेवतानाही आम्ही मायलेकी तशाच बोलायचो — मुक्यानेच. "अम्मी, अब्बांना सांग ना सहलीला पाठवायला." इद्रीस चिडायचे — "कुणाची चहाडी चाललीय?"

नाशिकला रमशाचं घर चांगलं आहे, खोटं कशाला बोलू? जावई भला आहे. पण तिथं मी लिफ्टमध्ये उभी असते आणि बायका माझ्याशी बोलतात. नवी तोंडं, भरभर हलणारे ओठ. मी नुसती मान डोलावते. इथल्या लोकांची तोंडं मला पाठ आहेत. बेकरीवाला ओठ दाबून बोलतो, बांगडीवाली एका बाजूनं. भिवंडीत मला कमी ऐकू येतं. नाशिकला मी ठार बहिरी होईन.

हे तिला सांगता येत नाही. सांगितलं की कान गेल्याचं कबूल केलं!

१६ जानेवारी

तयारी. रिक्षा नाही — रिक्षात शेजारी बसतात, तोंड दिसत नाही. हॉटेलात मी दाराकडे पाठ करून बसायचं, म्हणजे उजेड तिच्या तोंडावर. आणि सगळ्यात महत्त्वाचं — आपणच बोलत राहायचं, म्हणजे कोणी काही विचारत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

१७ जानेवारी, शुक्रवार

पाय सुजलेत. तरी लिहायचंच आहे.

पहाटेची एसटी पकडून रमशा नऊला दारात. "अम्मी, बारीक झालीस." म्हटलं, "तू जाडी झालीस, म्हणून तसं दिसतं." हसली. पहिला पेपर पास!

नारपोलीतून निघालो. शुक्रवारी भिवंडी वेगळीच दिसते. शटर खाली, कारागीर दाढ्या करून, धुतलेले कुर्ते घालून ओट्यांवर. रमशा म्हणाली, "किती शांत वाटतंय." मी पण म्हटलं, "हो ना, किती शांत." माझ्या कानातले लूम आपले चालूच.

धामणकर नाका ओलांडून पुढे पायाचं हॉटेल, बकऱ्याच्या पायांचा रस्सा मिळतो ते. इद्रीस दर शुक्रवारी तिथंच न्यायचे. तेच मोठं पातेलं, तेच तंदूरमधून निघालेले फुगीर नान. मालक जौनपूरचा, पण दाढी पांढरी झाली ती इथंच. "चाची, बिटिया आयी है? आज पैसा नहीं लूँगा." दर वेळी हेच म्हणतो आणि दर वेळी घेतो! रमशाने बोटं चाटून खाल्लं. मग हात धुवायला गेली. बेसिन माझ्या पाठीमागे, दाराजवळ — हे काही मी योजनेत धरलं नव्हतं. पण ती लगेच आली नाही. बऱ्याच वेळाने आली, समोर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"काय गं?"

"काही नाही. चहा घेऊ या?"

डोळे लाल झाले होते तिचे. रस्सा तिखट होता. नाशिकला राहून सवय मोडलीय पोरीची.

तिथून तीनबत्ती. जुम्म्याची गर्दी ओसरेपर्यंत मिठाईच्या दुकानात उभ्यानेच गरम जिलेबी. मग बंदराकडे. खाडीत आता पाणी कमी, चिखल जास्त. इद्रीस नेहमी सांगायचे, आमच्या आजोबांचा माल इथं गलबतातून उतरायचा. रमशाला ते सगळं पाठ. तीच मला सांगत होती, आणि सांगताना काय चालत होती! तिरकी, खेकड्यासारखी, माझ्या पुढे पुढे, तोंड माझ्याकडे. "सरळ चाल, पडशील!" म्हटलं तर म्हणते, "मग तू दिसत नाहीस."

लोक भेटत होते. बांगडीवालीने आधी माझा हात धरला, मग रमशाचा. मटणवाल्याने दुकानातूनच खूण केली — उद्या पाय ठेवू का? मी खुणेनेच सांगितलं, नको, आज पोटभर झाले. बेकरीवाल्याने नानखटाई बांधून दिली. रमशा सगळं बघत होती. दर वेळी आधी माझ्याकडे, मग समोरच्याकडे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं मला.

मंडईत गोदू भेटली. पडघ्याच्या पुढल्या डोंगरातली. आमच्याकडे कांडी भरायला होती — म्हणजे धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायला. किती वर्षं होती कोण जाणे. आता बोरं आणि करांद्याचे कंद घेऊन बसते. तिने गोणपाट सरकवून आम्हाला बसवलं, उकडलेले करांदे सोलून दिले, वर मीठ. रमशाला लहानपणी हेच आवडायचं. कडवट, पिठूळ.

तिथं आम्ही किती वेळ बोललो! रमशा बोलली, म्हणजे. अब्बांनी याच मंडईत तिला खांद्यावर घेतलं तेव्हा तिने त्यांच्या टोपीत बोरांच्या बिया टाकल्या होत्या. दहावीला नापास होईन म्हणून माझ्याशी आधी मुक्याने बोलून ठेवलं होतं तिने. नाशिकला कधी कधी भिंतीकडे तोंड करून अब्बांशी बोलते. हे मला कधी सांगितलं नव्हतं.

आणि एक नवल झालं. एवढ्या गजबजाटात मला तिचा आवाज स्वच्छ आला! थोडा घोगरा, शब्दाच्या शेवटाला वर चढणारा, शाळेतून आल्यावर असायचा तसा. किती दिवसांनी! घरघर नाही, तिचाच आवाज. मनात म्हटलं, बघ रशिदा, कान सुधारतायत. उगीच घाबरतेस. गोदू आमच्याकडे टकामका बघत होती. पोर एवढी बोलकी झाली म्हणून असेल.

उन्हं उतरताना कामतघरला, वऱ्हाळा तलावाच्या काठाशी. तेलुगू बाईच्या गाडीवरून गरम डाळवडे घेतले. रमशा माझ्या शेजारी बसली नाही, खालच्या पायरीवर बसली, माझ्याकडे तोंड करून. मी ओळखलं — आता "मग बोलू" आलं. हातातला वडा परत कागदात ठेवला.

ती म्हणाली, "अम्मी, नाशिकचं मी आता काढणार नाही. इथं तू सगळ्या गावाशी बोलतेस. तिकडे कोणाशी बोलशील? राहा इथंच. लूमही राहू दे."

मी जिंकले! अशी जिंकले की उभं राहून ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, रडले. तिने माझं डोकं पोटाशी धरलं. वाईटही वाटलं — स्वतःच्या लेकीला फसवलं. पण घर राहिलं. शेवटच्या एसटीला बसवून आले तिला.

१८ जानेवारी

इलेक्ट्रिशियन अफजल आला. कुणी बोलावलं म्हटलं तर रमशाचं नाव. दाराची बेल दाबली की आता हॉलमध्ये आणि स्वयंपाकघरात लाल दिवा लागतो! "दीदी बोली, आजकल फॅशन है." नाशिकच्या लोकांना कामधंदे नाहीत. करिष्माने येता-जाता चार वेळा बेल दाबून बघितली. छान दिसतो मात्र.

१९ जानेवारी

आज कान लावून ऐकायचा प्रयत्न केला — करिष्माचा आवाज, मग टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईचा. घरघर. शुक्रवारी मग काय झालं होतं?

२१ जानेवारी, मंगळवार

मंडईत गेले होते. गोदूने हाताने जवळ बोलावलं. तिचं बोलणं मला कळतं. आमच्या शेडमधली आहे, समोर तोंड करून सावकाश बोलते.

"बाय, येक इचारू? तुज्या पोरीचा आवाज गेला हाय का?"

म्हटलं, भलतंच काय? एवढी बोलली की तुझ्यासमोर!

"न्हाय गं. मी तिच्या पायाशी बसलेली. निस्ते व्हट हलवीत होती. आवाज कायच न्हाय. तू बोलं, ती व्हट हलवी, तू परत बोलं. गिऱ्हाइकं बघीत होती. मला वाटलं, दोगी जनी कारखान्यातलं बोलताव."

मी तिथंच गोणपाटावर बसले. गोदूने पाणी दिलं.

आवाज नव्हताच. मग मी जो ऐकला, तो कुठला? माझ्या आतला असणार. तिच्या लहानपणापासून ठेवलेला. ओठ तिने हलवले आणि आवाज मी माझ्याकडचा घातला. तलावाच्या पायरीवरही तसंच असेल. "राहा इथंच" — ते तरी ती आवाज काढून म्हणाली का? आता कोणाला विचारू?

मी हुशारी करत होते दिवसभर. उजेड, खुर्ची, रिक्षा! आणि ती पोर तिरकी चालत होती माझ्यासाठी. शरम वाटतेय. आणि इतकं प्रेमही वाटतंय की कुठं ठेवावं कळत नाही.

२२ जानेवारी

संध्याकाळी रमशाचा व्हिडिओ कॉल. तिने तोंड उघडायच्या आधी मीच ओठ हलवले, आवाज न काढता — "कधीपासून माहीत होतं?"

मग तिचेही नुसतेच ओठ. "करिष्माचं पटलं नव्हतं. पायाच्या हॉटेलात कळलं. पाठीमागून हाका मारून थकले, सगळं हॉटेल वळलं, तू नान खात होतीस. मंडईत आधी परीक्षा घेतली. मग मजा यायला लागली."

"मग मला नेलं का नाहीस?"

"सांगितलं ना पायरीवर. पुढच्या शुक्रवारी कानाचं मशीन घेऊन येते. नाही म्हणालीस तर मला ऐकू येणार नाही."

मी "बरं!" म्हटलं. इतक्या मोठ्याने, की करिष्मा खिडकीतून डोकावली.