मोडक्या शिंगाची जात

१० जानेवारी १९३८, सोमवार. तळेगाव.
टपालाचं टेबल सुटलं, आजपासून बँकेचा अ‍ॅक्टिंग इन्स्पेक्टर. पंधरा दिवसांत काम दाखवलं की परमनंट. मग बायकोला माहेरून आणणार. सासऱ्यांना तसं लिहून बसलोय. लोणावळ्याच्या हेड ऑफिसची तक्रार अशी, की कर्ज मागणारे दुधाचं उत्पन्न वाट्टेल ते फुगवतात. फुगवणारच. खेडवळ माणूस शिंकतो तेसुद्धा खोटं. निश्चय: कुठे जाणार ते कुणालाही सांगायचं नाही. एकदम छापा. घरमालकीण विठाबाईला तेवढं सांगितलं, कारण भाकऱ्या किती बांधायच्या ते अंतरावर ठरतं.

११ जानेवारी, मंगळवार.
चहा बिनदुधाचा. विठाबाईची म्हस म्हणे पाव्हनी गेलीया. इकडे म्हशींनाही सोयरे असतात. तिच्या गोठ्याकडे मी कधी फिरकत नाही. वास सोसत नाही.
इंदुरीला हौशीरामकडे छापा. अर्जात एक दुभती म्हैस. होती. डावं शिंग मोडकं, पण समोर धार काढायला लावली. त्याने पेलाभर दूध दिलं. चव ओळखीची वाटली. चांगलं दूध सगळीकडे सारखंच. मंजूर.

१३ जानेवारी, गुरुवार.
पुन्हा काळा चहा. विठाबाईला झापलं. म्हणाली, भाऊ, म्हशीला लय मागनी हाय. ह्या लोकांना सरळ उत्तर देता येत नाही.
वराळ्याला भिमाजी. म्हैस हजर. गंमत म्हणजे हिचंही डावं शिंग मोडकं. मंजूर.

१७ जानेवारी, सोमवार.
चहा काळाच. सोमाटण्याला रखमाजी. तिसरी म्हैस, तेच शिंग. मोठा शोध लागला: मावळी म्हशीचं डावं शिंग जात्याच मोडकं असतं. रिपोर्टाला वेगळं टिपण जोडणार. म्हैस मला बघून रेकली आणि कोटाची बाही चाटली. माणसांपेक्षा जनावरांना हुद्दा लवकर कळतो.

१९ जानेवारी, बुधवार.
आज चहात दूध. शुभशकुन.
आणि लबाड सापडला. डोंगरातल्या वाडीवरचा शिदू ठाकर. लाकडं विकायला हातगाडी हवी, त्यासाठी पंचवीस रुपये. म्हणतो, म्हस न्हाई साहेब, दोन शेळ्या हायत. मोजल्या, दोनच. अर्जातही दोनच. इतकं तंतोतंत खऱ्या माणसाचं जुळत नाही. म्हैस नक्की लपवली आहे. नामंजूर.

२५ जानेवारी, मंगळवार.
मॅनेजर सकाळच्या गाडीने लोणावळ्याहून आले ते थेट बिऱ्हाडी. वाटलं, अभिनंदनाला. हातात माझं शिंगांचं टिपण. अंगणात विठाबाई म्हशीला पाणी दाखवत होती. डावं शिंग मोडकं. मॅनेजरांनी टिपण बघितलं, शिंग बघितलं. तेवढ्यात म्हैस पुढे आली आणि माझी बाही चाटू लागली.
मॅनेजरांनी विचारलं तशी विठाबाईने सगळं सांगून टाकलं. भाऊ ज्या गावाला जायाचे तितली मानसं म्हस मागून न्यायाची, चार आणे रोज. कुटं जायाचं ते भाऊ आदल्या दिशी सांगायाचेच.
शिदूचा अर्ज मॅनेजरांनी तिथेच मंजूर केला. खरं लिहिणारा तो एकटाच, म्हणाले. मी उद्यापासून पुन्हा टपालाच्या टेबलावर. सासऱ्यांना काय लिहू ते सुचत नाही.
ते गेल्यावर विठाबाईने चहा आणला. म्हणाली, भाऊ, आता दूध रोज मिळंल.