हे यंत्र इंधनावर चालत नाही

प्रिय अहो,

सगळा जन्म याच नावानं हाक मारली, आता पत्रात दुसरं काय लिहू? आणखी काही भारदस्त मायना घातला असता, तर चष्मा कपाळावर चढवून तुम्ही विचारलं असतंत, "हे कुणाला लिहितेस?"

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. इतके दिवस लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं आणि उगाच बडबड तुम्हाला कधी खपली नाही. आज मात्र सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुमचं यंत्र कॉलेजात गेलं! नुसतं गेलं नाही, सगळ्यांसमोर चाललं. आणि तुमची पाटीही त्याच्याबरोबर गेली. ती जाऊ देण्यासाठी मला काय काय करावं लागलं, ते सांगायलाच हे पत्र.

पण आधी थोडी जुनी भांडणं काढते. तुम्हाला आता उठून शेडमध्ये जाता येत नाही, तेव्हा ऐकून घ्या.

खडकीच्या फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर वारज्याला तळमजल्याचाच फ्लॅट हवा म्हणून तुम्ही हटून बसलात. मला वाटलं, माझ्या गुडघ्यांची काळजी! राहायला आल्यावर आठवडाभरात मागच्या अंगणात पत्र्याची शेड उभी राहिली आणि तिच्यात धातू कातायचा लेथ आला. गुडघ्यांचा विषय तुम्ही पुन्हा काढला नाहीत.

मग एका दुपारी स्वयंपाकघरात येऊन माझी स्टीलची ताटली उजेडात धरलीत आणि म्हणालात, "सुमन, ही किती जाडीची आहे गं?" लग्नातल्या त्या ताटल्यांकडे तुम्ही इतक्या प्रेमानं कधीच बघितलं नव्हतं. मी त्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या, हे तुम्हाला कळलं होतं का हो?

तुमच्या डोक्यात घोळणारं बिनपात्यांचं टर्बाइन म्हणजे काय, ते तुम्ही मला बादलीत समजावलंत. पाणी हातानं गरगर फिरवलंत आणि वर एक वाटी तरंगत सोडलीत. वाटी फिरायला लागली. "पाण्यानं वाटीला ढकललं का? नाही. नुसतं चिकटून ओढत नेलं. तसंच वारा चकत्यांना ओढेल." एका दांड्यावर ओळीनं पातळ चकत्या, मधे नखभर जागा, कडेनं वारा आत सोडायचा, गोल गोल फिरत तो मधल्या भोकांतून बाहेर. झालं यंत्र. पाती नाहीतच!

पाती घडवायला मोठा कारखाना लागतो, चकत्या मात्र कुठल्याही गल्लीतल्या लेथवर होतील, एवढ्यासाठी तुमचा जीव त्यात अडकला होता. गावोगावच्या वर्कशॉपमध्ये बनेल, मिळेल ते इंधन जाळेल आणि घरापुरती वीज देईल असं यंत्र. हे बोलताना तुमचा चेहरा कसा व्हायचा, ते तुम्ही कधी बघितलं नाहीत. मी बघितलंय.

हवेवर ते पहिल्याच वर्षी चाललं. काय शिट्टी वाजायची त्याची! सोसायटीच्या अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली, "दुपारच्या वेळी यंत्र बंद ठेवावे." तुम्ही खाली लिहून परत पाठवलंत, "ठेवतो. मीही त्या वेळी झोपतो."

पण हवा काही फुकट येत नाही. ती दाबून देणारा कॉम्प्रेसर विजेवर चालायचा. खरी परीक्षा इंधनाची होती. त्या रविवारी तुम्ही यंत्राभोवती वाळूची पोती रचलीत, मला घरात कोंडलंत आणि गॅस पेटवलात. शिट्टी चढत गेली. मी खिडकीत देवाचं नाव घेत उभी. मग खर्रकन आवाज आला आणि सगळं गप्प. निवल्यावर उघडून बघितलं, तर चकत्या एकमेकींना घासून बसल्या होत्या.

"पापडासारख्या वळल्यात की," मी म्हणाले.

"वळणार हे माहीतच होतं. किती वळतात ते बघायचं होतं." वर "चहा टाक" असंही म्हणालात.

पुढची सहा-सात वर्षं तुम्ही त्याच पापडांशी झगडलात. चकत्या जाड केल्या, तर यंत्र जड. मधली जागा वाढवली, तर वारा चकत्यांना न ओढता नुसताच निघून जायचा. ज्योत बारीक ठेवली, तर चकत्या शाबूत राहायच्या, पण जेवढी ताकद मिळायची ती यंत्राला लागणारी हवा दाबण्यातच संपायची. महागाचा धातूही आणून बघितलात. तेवढ्याच गॅसवर शेजारच्या दुकानातला साधा जनरेटर सगळे दिवे लावायचा आणि आपलं यंत्र एक बल्ब मिणमिणवायचं. शेवटी एक दिवस हात पुसत घरात आलात आणि म्हणालात, "सुमन, चालणं वेगळं आणि उपयोगी पडणं वेगळं. हे इंधनावर उपयोगाचं नाही." मला रडू आलं, तुम्हाला नाही. तुम्ही भाजी चांगली झालीय म्हणालात. असं कसं हो जमायचं तुम्हाला?

आणि नेमका त्याच महिन्यात आपला समीर आला. खराडीच्या त्याच्या कंपनीतले दोन साहेब बरोबर होते, नव्या कल्पनांत पैसे घालणारे. तुम्ही यंत्र हवेवर चालवून दाखवलंत. शिट्टी वाजली आणि साहेबांनी अशा टाळ्या पिटल्या की वरच्या मजल्यावरची माणसं गॅलरीत आली. समीर तुम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, व्हिडिओ करू. गॅसची शेगडी शेजारी पेटवून ठेवू, हवेचा पाइप मागून घेऊ. प्रोटोटाइप आहे, सगळे असंच करतात. नंतर होईल की दुरुस्त!"

तुम्ही म्हणालात, "समीर, मी निवृत्त झालोय, निर्लज्ज नाही."

आणि साहेबांना, तेही पोहे खात असताना, सांगून टाकलंत की हे इंधनावर चालत नाही. पोहे अर्धे राहिले. इतकं तोडून बोलायची गरज होती का? भाचा आहे तो, प्रेमानं आला होता. लोक गेल्यावर तुम्ही तेलाच्या डब्याचा पत्रा कापलात, पांढरा रंग दिलात आणि तुमच्या त्या वाकड्या अक्षरात पाटी लिहून यंत्राच्या गळ्यात अडकवलीत:

"हे यंत्र हवेवर चालते.
इंधनावर चालत नाही.
टाळ्या वाजवण्यापूर्वी कारण विचारावे."

त्या दिवशी मला वाटलं, या माणसानं आपल्या हातानं आपल्या सगळ्या कष्टांवर पाणी ओतलं.

आता आजचं ऐका. इंजिनिअरिंग कॉलेजचे विभागप्रमुख गेल्या महिन्यात घरी आले होते. विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळेत यंत्र ठेवायचं म्हणाले. भला माणूस. मी आनंदानं हो म्हटलं. काल ते पुन्हा आले, पितळेची पाटी घेऊन. तिच्यावर तुमचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि खाली "इंधनावर चालणाऱ्या बिनपात्यांच्या टर्बाइनचे जनक". तुमचं नाव इतकं सुंदर कोरलं होतं हो! मी त्यावरून बोट फिरवलं. फॅक्टरीत तुमच्या नावानं साधी खुर्चीसुद्धा नव्हती. एक क्षण वाटलं, लागू दे ही पाटी. कोण येतंय तपासायला? तुम्ही तर येणार नाही.

सर म्हणाले, "काकू, तो पत्रा काढून टाकू. चालत नाही असं वाचून मुलं निराश होतील."

आणि मग तुमचा तो हात पुसतानाचा चेहरा आठवला. मी म्हटलं, "सर, जनक म्हणवून घ्यायला आधी मूल व्हावं लागतं. ह्यांनी ते झालं नाही असं स्वतः लिहून ठेवलंय. पत्रा राहणार नसेल, तर यंत्रही राहू द्या इथेच." माझ्या तोंडून तुमचंच बोलणं बाहेर पडलं, मीच दचकले. सरांनी पत्र्यावरच्या तिन्ही ओळी पुन्हा वाचल्या. मग पितळेची पाटी त्यांनी पिशवीत परत ठेवली.

आज सकाळी कार्यक्रम. सगळा हॉल मुलांनी भरलेला, मी पहिल्या रांगेत, तुम्हाला आवडायची ती हिरवी साडी नेसून. सरांनी हवा सोडली. शिट्टी वाजायला लागली, तीच! माझे डोळे भरले. सगळ्यांचे हात टाळ्यांसाठी वर आले आणि तेवढ्यात माझ्या मागे बसलेली एक मुलगी मोठ्यानं म्हणाली, "सर, थांबा ना. इंधनावर का चालत नाही?"

हात तसेच राहिले. सरांनी यंत्र बंद केलं, खडू घेतला आणि सांगायला सुरुवात केली. मग काय विचारता! चकत्या सिरॅमिकच्या केल्या तर? आतून पाणी फिरवलं तर? प्रत्येक प्रश्नाला सर उत्तर देत होते, मुलं त्यांना अडवत होती, फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. चहा निवला. त्याच मुलीनं विचारलं, "आग बाहेरच ठेवली आणि नुसती वाफ आत सोडली तर? ओली, गाळाची वाफसुद्धा चालेल ना, पातीच नाहीत तर खराब काय होणार?" सरांनी मला विचारलं, "काकू, हे करून बघितलं होतं का?" मी उभी राहून म्हटलं, "ते राहून गेलं. ह्यांना करायचं होतं, तेवढा वेळ मिळाला नाही."

टाळ्या वाजवायचं शेवटपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही. तुमच्या कार्यक्रमात एकही टाळी वाजली नाही, ऐकताय ना? रिक्षातून येताना माझा ऊर नुसता भरून आला होता. मला तुमचा फार, फार अभिमान वाटतो. हे तुम्हाला समोर कधी म्हटलं नाही, कारण तुम्ही लगेच चहा मागितला असतात.

ती मुलगी आणि तिच्या मैत्रिणी रविवारी येणार आहेत, उरलेल्या चकत्या न्यायला. शेडची किल्ली मी त्यांना देणार. हव्या असतील तर कपाटातल्या ताटल्यासुद्धा देईन. मात्र एक शब्द देते. मी आहे तोवर त्या पाटीवरचं अक्षरही कुणाला पुसू देणार नाही. वाफेवर यंत्र फिरलं, तरी मी आधी तुमचाच प्रश्न विचारेन, उपयोगी पडतंय का? आणि खरंच पडलं, तर ब्रश घेऊन मधली ओळ मीच बदलेन. शेवटची ओळ मात्र तशीच राहील.

टाळी न वाजवता घरी परत आलेली,
तुमची
सुमन