रात्रीची गोळी

४ फेब्रुवारी
ह्यांचं नाव लागलं! आतड्याच्या सुजेवर नवी गोळी निघाली आहे. बाजारात यायच्या आधी दोनशे आजाऱ्यांना देऊन पाहणार. सकाळी एक, रात्री एक, सहा महिने. निम्म्यांना खरी, निम्म्यांना नुसती पिठाची. कोणाला कुठली, डॉक्टरांनाही ठाऊक नाही. मला आहे— देवाला सांगून ठेवलंय.
नणंद म्हणाली, "वहिनी, उंदीर संपले, आता माझा भाऊ का?" म्हटलं, "उंदीर बरे झाले, म्हणून तुमच्या भावाचा नंबर लागला."
गोळ्या घेतल्या का, किती वेळा संडासला जावं लागलं, रक्त पडलं का— दवाखान्याने दिलेली ही वही मीच लिहायची.

२७ फेब्रुवारी
दिवसाला अकरा वेळा जात होते. आज तीन. रक्त नाही.

१२ मार्च
पुन्हा बसवर! दीड वर्ष डेपोत टेबलाशी काढलं, आज स्टिअरिंग हातात. सकाळची गोळी आता कामावर न्याहारीनंतर घेणार. रात्रीची मी देते.

१८ मार्च
सिस्टरना विचारलं, सहा महिन्यांनंतर काय? "मग थांबायचं, काकू. बाजारात कधी येईल, सांगता येत नाही."
म्हणजे सापडलेलं औषध हातचं जाऊ द्यायचं? एवढं बरं वाटतंय तर एक पुरे. आजपासून रात्रीची बाजूला काढली. त्यांच्या हातावर माझी कॅल्शियमची ठेवली— तशीच पांढरी. वहीत मात्र दोन खुणा. खोटी नोंद आयुष्यात पहिल्यांदा. देव समजून घेईल.

९ एप्रिल
रक्त. सात वेळा. मधल्या स्टॉपवर बस उभी करून पळावं लागलं, प्रवासी ओरडत होते. "परत टेबल," एवढंच बोलले. जेवले नाहीत.

११ एप्रिल
तपासणी. डॉक्टर वही चाळून म्हणाले, "दोन्ही वेळा घेऊनही गुण नाही. बंद करावं लागेल."
साठवलेल्या गोळ्या पिशवीत नेल्या होत्या, टेबलावर ठेवल्या. "रात्रीची मी दिलीच नाही. चोवीस दिवस."
डॉक्टरांनी गोळ्या मोजल्या. म्हणाले, "काकू, तुमच्या खुणांवर चांगलं औषधही नापास झालं असतं. किती जणांचं नुकसान!" वही दुरुस्त करून घेतली. ह्यांना ठेवायचं की नाही, वरिष्ठांना विचारून सांगणार.
घरी येईपर्यंत हे दोन पावलं पुढेच चालत होते. रागावले असणार. हक्कच आहे.

१२ एप्रिल
सकाळी ह्यांनी खिशातून पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. एकतीस गोळ्या— सकाळच्या. "पुढे लागतील म्हणून," मान खाली घालून म्हणाले.
म्हणजे चोवीस दिवस पोटात औषध नव्हतंच. म्हणजे गोळी खरी आहे!
दवाखाना नऊला उघडतो. दोघंही निघालो.