पाटाला पत्रिका नसते

आजी,

आईची पेन्शन व्यवस्थित चालू आहे, हे आधी सांगते. तू गेल्याला आता बरीच वर्षं झाली. आईच्या पहिल्या सासूला असं काही लिहून कळवावं का, तो अधिकार माझा आहे का, हा प्रश्न मला अजूनही पडतो. पण त्या पेन्शनीत तुझा वाटा आहे, आणि तो मी कधी बोलून दाखवला नाही.

ते पंच्याण्णव साल असावं. बाबा बांधकाम खात्यातून निवृत्त होणार होते आणि कागदांसाठी आम्ही तिघं कचेरीत गेलो होतो. बाबांच्या छातीचं दुखणं तेव्हा सुरू झालेलं. आपल्यामागं आईला पेन्शन मिळावी, एवढी एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात होती. टेबलापलीकडच्या साहेबांनी लग्नाची पत्रिका मागितली. बाबा म्हणाले, "पाटाला कसली पत्रिका, सायेब? रात्री चार माणसांत लागतोय त्यो."

"म्हणजे तुमचं हे दुसरं लग्न?"

"म्हटलं तर दुसरं. पयलं रुईसंगं झालतं."

साहेबांनी पेन उचललं. "रुई कोण? हयात आहेत?"

"झाड हो, सायेब! वाळून गेलं आसंल कवाच."

आजूबाजूची टेबलं हसली. बिनलग्नाचा पुरुष विधवेशी पाट लावणार असेल तर आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावायचं, ही रीत मलाच साहेबांना समजावून सांगावी लागली. शिकलेली मुलगी म्हणून मला तेव्हा लाजही वाटत होती. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "झाडाचं राहू द्या. बाईंचा पहिला नवरा वारल्याचा दाखला आणा. तो गेलेला असल्याशिवाय हे लग्न धरता येत नाही, आणि पेन्शनला बाईंचं नावही लावता येत नाही."

तुझा मुलगा काविळीनं गेला तेव्हा त्याची नोंद कुणी केली नव्हती. ग्रामपंचायतीत काही सापडलं नाही. साहेबांनी दुसरी वाट सांगितली, की जवळच्या नातेवाइकानं समोर येऊन जबाब द्यावा. जवळचं असं तूच उरली होतीस. आई कडाडली, "तिच्याकडं जायाचं न्हाय. पोटचं लेकरू मेलं म्हणून चार माणसांत बोलाय लावणार व्हय तिला? ऱ्हाऊ दे ती पेन्शन." तरी मी तुझ्या कोडोलीची गाडी धरली. तेव्हा मी बरोबर केलं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही.

तू सोप्यात शेंगा फोडत बसली होतीस. मी उसाचं विचारलं, गुडघ्यांचं विचारलं. तू शेंगा बाजूला सारल्यास. "ऊस बघाय आलीस व्हय एवढ्या लांब? कागुद काय म्हंतोय ते सांग की." मी सांगितलं. तू पदरातली टरफलं झटकून उठलीस. मग आत जाऊन धुवट लुगडं नेसून आलीस, आणि हातात काकवीची बरणी होती. "चल. मोकळ्या हातानं लेकीकडं जाऊ ने."

तू दारात उभी राहिल्यावर आईही कचेरीत आली. तिथं साहेबांचा आवाज खाली आला. "आजी, तुमचा मुलगा..."

"मेला. माज्या मांडीवर. लिव्हा." आणि मग कुणी न विचारता तू त्याचं नाव सांगितलंस. दोनदा.

"या बाईंशी तुमचं नातं?"

मी 'पहिल्या सासूबाई' म्हणायला तोंड उघडलं होतं. तू म्हणालीस, "आई."

"आजी, आत्ता तर मुलगा म्हणालात."

"ल्योक माझा व्हता. त्यो गेल्यावर हिला पाट लावून कुणी दिली? भावकी दारात काठ्या घिऊन हुबी हुती, तरी मी दिली. लेक देती ती आई न्हाय तर कोण, तुमी सांगा."

"आई लिहिलं तर कागद परत येईल."

"मग तुमाला चालंल ते लिव्हा. मला कुठं वाचाय येतंय?"

त्यांनी 'सासू' लिहिलं, तू अंगठा दिलास. कागद बिनचूक झाला म्हणून मला हायसं वाटलं. आता वाटतं, त्या खोलीत बिनचूक बोललेली तू एकटीच होतीस.

बाहेर पायरीवर बसून आई पदरानं तुझ्या अंगठ्याची शाई पुसते आहे, हे मला आजही समोर दिसतं. पुसता पुसता ती रडते आहे आणि तू तिला रागावते आहेस. "रडतीस काय, येडे? त्याचं नाव तोंडात आलं, बरं वाटलं मला. घरात कोण घिऊ देत न्हाय."

बाबा चार वर्षांनी गेले. आईला पेन्शन सुरू झाली आणि तिला कुणापुढं हात पसरावा लागला नाही, माझ्यापुढंसुद्धा नाही. दर नोव्हेंबरला मी तिला बँकेत नेते. आपण हयात आहोत हे तिनं दाखवायचं आणि पुन्हा लग्न केलेलं नाही असंही लिहून द्यायचं. काल काउंटरवरच्या मुलीनं संकोचत ते विचारलं. आईनं पुढं वाकून सांगितलं, "न्हाय केलं, बाई. माझा पाट लावणारी म्हातारी ऱ्हायली न्हाय आता."

मुलगी हसली, आई हसली. मी सही कुठं करायची ते दाखवत राहिले. तुझा मुलगा जगला असता तर मी नसते, हे तुला माहीत होतं. तरी दर दिवाळीला माझ्या हातावर पहिली काकवी तूच घालायचीस.

हे पान मी वहीतून फाडणार नाही, आईलाही वाचून दाखवणार नाही. तू होतीस तोवर मी तुला 'अहो, कोडोलीच्या आजी' अशीच हाक मारली. शेजारणींनी विचारलं तर 'आईच्या ओळखीच्या' म्हणून सांगायचे. आजसुद्धा सवयीनं वर मायन्यात तेच 'कोडोलीच्या' आलं होतं. मग ते खोडलं.