तिहेरी बंध

२ सप्टेंबर
आलो एकदाचे! नवं गाव, नवी नोकरी, आणि स्वयंपाकघराला चक्क खिडकी. भिंगरीने, म्हणजे आमच्या सहा वर्षांच्या एकुलत्या एका रत्नाने, सगळ्या खोल्यांत गिरक्या घेऊन घर पसंत केलं. नवऱ्याने खोक्यांच्या ढिगातून आधी चहाचं पातेलं शोधून काढलं. त्याचं असंच असतं.

प्रयोगशाळा झकास आहे. सर साठीचे, एकटे, बोलायला गोड. काम माझ्या आवडीचं: प्लास्टिकचे मोहरीएवढे मणी, आणि त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारे पॅलेडियम धातूचे कण. असे मणी टाकून द्रावणात हायड्रोजन सोडला की रेणूतला तिहेरी बंध दुहेरी होतो. तिथेच थांबायला हवं, नाहीतर तो एकेरीवर घसरतो आणि सगळा माल वाया. म्हणून मणी बनवतानाच त्यांना ‘लगाम’ घालायचा. म्हणजे एका उग्र वासाच्या द्रवाचे थेंब. त्याने कणांचा हावरटपणा आवरतो. सरांनी बजावलं की लगाम विसरलात तर मग देवच वाली.

५ सप्टेंबर
सरांच्या टेबलावर एक फोटो आहे. तरुण सर, शेजारी एक बाई, मध्ये लहान मुलगा. कौतुकाने विचारलं, कोण हे? म्हणाले, कल्पना नाही, फ्रेम टेबलाबरोबरच आली असावी. अहो, फोटोत तुम्हीच आहात की! मी हसले. ते हसले नाहीत.

९ सप्टेंबर
आज वेंधळेपणाची कमाल केली. नव्या खेपेला लगाम घालायलाच विसरले, वर मणी ओले ठेवायचे तर सुकू दिले. बाटली उघडताच ते उडून माझ्या लोकरी स्वेटरला चिकटले. झटकून झटकून हात दुखले. घरी भिंगरीला मात्र खजिनाच सापडला. तिने एकेक मणी वेचून बाहुलीला डोळे केले, उरलेले बाबाच्या दाढीत खोवले. पोट दुखेपर्यंत हसलो तिघं.

१२ सप्टेंबर
जेवायला बसताना नवऱ्याने विचारलं, "तिसरं ताट कोणासाठी?"

मला थट्टा वाटली. त्याला ती खोड आहेच. पण भिंगरी मांडीवर चढायला गेली तेव्हा तो अवघडून उठला. हळूच मला म्हणाला की शेजाऱ्यांची मुलगी दिसते, तिचे आईवडील वाट बघत असतील, सोडून ये. पोर रडत रडत झोपली.

बाकी त्याला सगळं आठवतं. माझ्या चपलेचं माप, लग्नातला मामाचा रुसवा, सगळं. फक्त ती नाही. मला फार भीती वाटतेय.

१३ सप्टेंबर
डॉक्टरांच्या मते तो ठणठणीत आहे. सरांना सांगितलं. त्यांनी टेबलावरचा फोटो जवळ ओढला. मग म्हणाले, "हे कण फार निवडक. बंध तेवढा धरतात, बाकी कशाला हात लावत नाहीत." त्यांचीही एक खेप कधीतरी बिनलगामाची गेली होती म्हणे.

आमच्या तिघांतला एक बंध सुटलाय. माझे मणी तिथे थांबणार नाहीत.

१४ सप्टेंबर
स्वेटर जाळला. बाहुलीचे डोळे उपटले. घरभर लगाम शिंपडला, भिंगरी नाक दाबून खिदळली. तरी फटींतून मणी निघतातच. उत्प्रेरक संपत नसतो, काम करून जसाच्या तसा उरतो— मीच शिकवायचे वर्गात.

मनगटावर पेनाने लिहून ठेवलंय: भिंगरी माझी मुलगी.

तिच्या गालावर तीळ आहे. डाव्या— की—

१६ सप्टेंबर
शाळेच्या फाटकात बाई म्हणाल्या, अगदी तुमच्यावर गेलीय. मी विचारलं, कोण—

नाही. आठवलं. आठवलं. भिंगरी.

१७ सप्टेंबर
घरात एक गृहस्थ. सभ्य वाटतात. चहाचं पातेलं शोधतायत—

मनगटावर शाई. ‘भिंगरी’. खेळण्याचं नाव असेल. पुढचं धुऊन गेलंय.

काम छान चाललंय. सूत्रं सगळी पाठ.

दारात एक लहान मुलगी. पाठीला दप्तर. हुंदके देत माझी ओढणी धरून उभी आहे, सोडतच नाही. जीव तुटला माझा. जवळ घेतलं, डोळे पुसले, विचारलं, बाळ, तुझी आई—