निळी गोमेसी

जिंजा, मंगळवार

आई,

लांबूनच गुडघे टेकून नमस्कार करते. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा खोकला गेला का? करडी कोंबडी खुडूक बसली का?

कॉलेजने लावून दिलेलं संस्थेतलं शिकाऊ काम चाललंय. देणगीदारांना दाखवायला गरजूंचे फोटो काढायचे. परवा नांगोबी नावाच्या विधवेकडे गेले. फोटो म्हटल्यावर तिने मला बसवून ठेवलं, ठेवणीतल्या गोमेसीला इस्त्री केली, ती अंगात घालून कमरेला रुंद पट्टा बांधला, पोरांच्या पायांना तेल चोळलं. आपण करतो तसंच.

फोटो बघून साहेब म्हणाले, "ही काय लग्नाला निघालीय? हिला कोण पैसे देणार? जा परत!"

गेले. तिला फाटके कपडे घालायला सांगितले. म्हणाली, "पोरी, मेल्यावर मला पुरायचं ते याच गोमेसीत. आणि तू ती उतरवायला सांगतेस?" मग आत जाऊन उतरवली.

साहेब खूश. आता त्यांना गळकं घर हवंय. "तुझ्या आईचं गळतं ना?" म्हणाले. त्यांच्या शेऱ्याशिवाय कॉलेज मला पास करणार नाही. मी हो म्हटलं.

सोमवारी साहेब आणि मी फोटो काढायला घरी येतोय. आई, तुझी निळी गोमेसी पेटीतच राहू दे. ती उतरव म्हणायची वेळ माझ्यावर आणू नकोस.

तुझीच,
कागोया